सतराव्या मतदारसंघाचा कायमचा उमेदवार

व्हर्लिन टोस्टरुडला मी पहिल्यांदा भेटलो ते एका अडलेल्या गाईमुळे. मी सव्वीस वर्षांचा, जनावरांचा नवाकोरा डॉक्टर. फेब्रुवारीतली दुपार इतकी गार होती, की गाडीतून उतरताना मी शिंकलो आणि ती शिंक जमिनीवर पडून फुटली. गोठ्यात शिरलो तर वासराचे दोन पाय बाहेर आलेले, आणि गाईच्या तोंडापाशी तिचं दावं धरून चव्वेचाळीस वर्षांचा एक लांबुडका माणूस उभा. मी बाही सरसावून हात आत घातला. तेवढ्यात तो म्हणाला, "डॉक, आपला सिनेट मतदारसंघ १८९० साली बनला, हे तुम्हाला ठाऊक असेलच?"

माझा हात खांद्यापर्यंत गाईत. उत्तर देण्याच्या स्थितीत मी नव्हतो आणि पळून जाण्याच्या तर नव्हतोच. व्हर्लिनला नेमका असाच श्रोता लागतो. त्यानं सुरुवात केली. १९१०ची निवडणूक येईस्तोवर वासराचं डोकं दिसलं. १९३४ला वासरू बाहेर पडलं. १९५०ला ते उभं राहिलं, १९५८ला त्यानं दूध सोडलं, आणि १९७०चे गावनिहाय आकडे चालू असताना, शपथेवर सांगतो, ती कालवड स्वतः गाभण होती आणि तिला तपासायलाही मलाच हात घालावा लागला. घरी परतलो तेव्हा बायकोनं मला ओळखलं नाही. त्यात तिची चूक नव्हती. मी निघालो तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं.

आता ज्या मतदारसंघासाठी हा माणूस गाईला आणि मला असं वेठीला धरत होता, त्याची लायकी सांगतो. आमच्या राज्याच्या सिनेटमधला मतदारसंघ क्रमांक सतरा म्हणजे मका, सोयाबीन, दुधाच्या गाई, बदकांची तळी, आणि रविवारी चर्चच्या तळघरात बसून फिक्कट कॉफी पिणारी माणसं. इथे दोन पक्ष आहेत. एक जिंकतो, दुसरा अर्ज भरतो. कोणता पक्ष जिंकतो हे सांगण्यात अर्थ नाही, कारण पूर्वी दुसरा जिंकायचा आणि तेव्हाही फरक पडलेला कुणाच्या लक्षात आला नाही.

आमचा पहिला सिनेटर हाल्वोर ब्रेके रेल्वे आणतो म्हणून निवडून आला. रेल्वे शेजारच्या काउंटीतून गेली. ब्रेकेही तिकडे राहायला गेला. मग अँटन स्वेंगेन आला, तो चोवीस वर्षं बसला. चोवीस वर्षांत त्यानं एकच विधेयक मांडलं, राज्याचं अधिकृत बदक कोणतं असावं याचं. मतदानाच्या दिवशी तो बदकं मारायला गेला होता, विधेयक एका मतानं पडलं. १९४६ साली आमचा उमेदवार ऑक्टोबरात वारला. मतपत्रिका छापून झाल्या होत्या. तो एकवीसशे मतांनी निवडून आला. जिवंतपणी त्याला कधी नऊशेच्या वर आघाडी मिळाली नव्हती. व्हर्लिनच्या मते हा सहानुभूतीचा प्रकार. माझ्या मते लोकांनी पहिल्यांदाच नीट विचार करून मत दिलं होतं.

ही सगळी रत्नं व्हर्लिनला तोंडपाठ होती. त्यानं त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं होतं, 'सतराव्या मतदारसंघाचा निवडणूक इतिहास', दोनशे बारा पानं, चार आवृत्त्या. ते विकत घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, पण ते घरात नाही असं घरही आमच्या काउंटीत सापडणार नाही. व्हर्लिन ते लग्नात भेट द्यायचा. बारशात द्यायचा. माझ्या सासूच्या अंत्यविधीनंतर सगळे शेजारी बटाट्याचे आणि मांसाचे भाजलेले मोठमोठे ट्रे घेऊन आले, हा तिसरी आवृत्ती घेऊन आला. म्हणाला, "पान एकशे चार बघ. त्यांच्या गावानं १९३८ला काय केलं ते आहे."

खरं दुखणं मात्र पान एकशे साठवर होतं. १९६२. त्या वर्षी व्हर्लिनचा बाप सेल्मर उभा होता आणि दोन्ही उमेदवारांना सारखी मतं पडली, प्रत्येकी चार हजार एकशे अठरा. आमच्या राज्यात बरोबरी झाली की चिठ्ठी काढतात. काउंटीच्या कचेरीत कॉफीच्या रिकाम्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. सेल्मर टापटिपीचा माणूस, त्यानं आपली चिठ्ठी चार घड्या घालून टिकलीएवढी केली. समोरच्यानं एक घडी घातली न घातली आणि टाकून दिली. न्यायाधीशानं डब्यात हात घातला, जे हाताला लागलं ते उचललं. काय लागणार हे वासरालाही कळलं असतं. दहा वर्षांचा व्हर्लिन बापाचा हात धरून तिथे उभा होता. घरी येईपर्यंत सेल्मर एकच वाक्य बोलला, "घडी जास्त झाली."

तेव्हापासून व्हर्लिनला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पुस्तकाच्या शेवटी विजयी उमेदवारांचा तक्ता होता, त्यात एकदा टोस्टरुड हे नाव यायला हवं होतं. सहा वेळा तो उभा राहिला, सहा वेळा पडला. प्रत्येक पराभवानंतर तो नवे आकडे तक्त्यात भरायचा आणि मान तिरकी करून बघायचा, जणू पडलेला माणूस दुसराच कोणी होता आणि ह्याला फक्त नोंद ठेवायची होती.

"तू निवडून येऊन करणार काय?" मी एकदा विचारलं.

"करणार म्हणजे?"

"म्हणजे शाळा, रस्ते, दुधाचा भाव..."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी गाईला इंजेक्शन देण्याऐवजी ते स्वतःच घेतलं की काय असं मला वाटलं. "डॉक," तो म्हणाला, "आधी तक्त्यात तर येऊ दे."

मग २०११ साल उजाडलं. आमचा सिनेटर अठरा वर्षं सत्कार घेऊन थकला आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. त्याच्या पक्षाला उमेदवार सापडेना. शेवटी त्यांनी ब्रेंट हॅलिडे नावाचा एक गृहस्थ शोधला. तो राजधानीहून तळ्याकाठची घरं विकायला आला होता आणि गाईला 'ती काळी-पांढरी' म्हणायचा. कॅफेतल्या ज्या टेबलावर व्हर्लिन आला की माणसांना अचानक कामं आठवायची, त्या टेबलावर आता उलटी भाषा सुरू झाली. "या खेपेला व्हर्लिनला द्यायला हरकत नाही," कोणीतरी म्हणालं. "एकदा निवडून आला की निदान राजधानीत जाऊन बसेल," दुसरा म्हणाला. आमच्याकडे याला लाट म्हणतात.

आदल्या वर्षी जनगणना झाली होती, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखायच्या होत्या. त्यासाठी नेमलेली समिती लोकांचं म्हणणं ऐकायला काउंटीच्या कचेरीत आली. प्रत्येकाला दोन मिनिटं. लोक म्हणजे आम्ही चारजण. एकाला ही पवनचक्क्यांची बैठक वाटली होती. मला व्हर्लिननं गाडी चालवायला आणलं होतं, कारण त्याला मांडीवर नकाशे धरायचे होते. त्याची बायको आर्डिस भोपळ्याच्या वड्यांचा मोठा डबा घेऊन आली होती, कारण माणसं जमणार आणि खायला काही नसणार हे तिला सहन होत नाही. आणि चौथा व्हर्लिन, १८९०चा नकाशा घेऊन.

तो चाळीस मिनिटं बोलला. सारांश एका ओळीत बसेल. मूळ कायद्यात सतराव्याची दक्षिण सीमा 'बॅजर ओढ्याच्या मध्यातून' अशी लिहिली होती. १९७२ साली सीमा ओढ्यावरून उचलून काउंटी रस्त्यावर नेली गेली. त्यामुळे पूर्वेकडचे तीनशे चाळीस मतदार अठराव्या मतदारसंघात ढकलले गेले. इतिहासाला झालेली ही जखम भरून काढा, सीमा पुन्हा ओढ्यावर आणा.

समितीच्या अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या, शांत बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला. "मिस्टर टोस्टरुड, कोणता ओढा? आज वाहतो तो, की १८९० साली वाहत होता तो?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, हे मला कळलं नाही. व्हर्लिनला तो अपमान वाटला.

"मॅडम," तो म्हणाला, "ओढा हलतो. कायदा हलत नाही. १८९०चा!"

"नक्की?"

"हा घ्या मूळ नकाशा. माझी एकुलती एक प्रत आहे, पण ठेवून घ्या."

बाईंनी नकाशा घेतला, त्यावर थोडा वेळ बोट फिरवलं, मग आर्डिसनं पुढे केलेली वडी घेतली आणि सभा संपली. गाडीत व्हर्लिन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "बघितलंस? ऐकलं त्यांनी!" मागच्या सीटवर आर्डिस रिकामा डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती.

फेब्रुवारीत नवा नकाशा जाहीर झाला. समितीनं व्हर्लिनचं शब्द न् शब्द ऐकलं होतं. सीमा १८९०च्या ओढ्यावर आली. पूर्वेकडचे तीनशे चाळीस मतदार सतराव्यात परत आले. पश्चिमेकडचे दोन मतदार सतराव्यातून गेले. ते दोन म्हणजे व्हर्लिन आणि आर्डिस.

झालं होतं असं. १९४९ साली, म्हणजे व्हर्लिनच्या जन्माच्या तीन वर्षं आधी, मक्याला सलग रान हवं म्हणून सेल्मरनं यंत्र लावून बॅजर ओढा उचलला आणि घराच्या दक्षिणेला सरळ चरात नेऊन घातला. आमच्या भागात तेव्हा सगळेच हे करत होते. मूळ ओढा घराच्या उत्तरेला, घर आणि गोठा यांच्या मधून वाहायचा. तिथे आता एक लांबट खोलगट भाग उरला होता, त्याला टोस्टरुड मंडळी 'बेडकांचा खड्डा' म्हणायची. व्हर्लिन गेली पन्नास वर्षं दिवसातून दोनदा तो ओलांडून दूध काढायला जात होता. १९३८ साली कोणत्या गावात किती मतं पडली हे सांगणाऱ्या या विद्वानाला आपल्या अंगणात काय आहे, हे माहीत नव्हतं. नवी सीमा त्या खड्ड्याच्या मध्यातून गेली. चाळीस गाई सतराव्यात, नवरा-बायको अठराव्यात.

मी त्या दिवशी एका गाईच्या खुराला पट्टी बदलायला गेलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"बेडकांचा खड्डा!" व्हर्लिन स्वयंपाकघरात नकाशा आपटत होता. "बेडकांचा खड्डा हा ओढा आहे, हे मला कोणी सांगितलं का?"

"मला माहीत होतं," आर्डिस म्हणाली. ती शेजारच्याच शेतावर वाढलेली. "माझे आजोबा तिथे मासे धरायचे."

"तुला माहीत होतं? मग त्या सभेत बोलली का नाहीस?"

"तू चाळीस मिनिटं बोलत होतास, व्हर्लिन. मला दोनच मिनिटं होती. ती वड्या वाढण्यात गेली."

एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली, ती मी त्याला कधी सांगितली नाही. १८९०चाच ओढा खरा धरायचा, तर सेल्मर १९६२ साली सतराव्यात राहतच नव्हता. ज्या चिठ्ठीसाठी हे घर पन्नास वर्षं हळहळलं, ती चिठ्ठी डब्यात पडायलाच नको होती. मी गोठ्यात जाऊन खुराची पट्टी बांधली.

आठवड्याभरात अठराव्या मतदारसंघातला त्याच्याच पक्षाचा माणूस, कर्ट श्लेगेल, शेतावर आला. अठराव्यात गणित उलटं. तिथे व्हर्लिनचा पक्ष जिंकतो आणि दुसरा अर्जही भरत नाही. त्यांचा सिनेटर नुकताच फ्लोरिडाला मुलीकडे राहायला गेला होता. कर्टनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"व्हर्लिन, अरे, नशीबच म्हण. तू आता आमच्यात आलास. तू उभा राहा. समोर कोणी नाही. पोस्टर लावायचीसुद्धा गरज नाही."

"अठराव्यातून?"

"अठराव्यातून."

"कर्ट, अठराव्याला इतिहास आहे का?"

"आहे की. आम्ही दर वेळी जिंकतो."

"त्याला इतिहास म्हणत नाहीत," व्हर्लिन म्हणाला. "माझा तक्ता सतराव्याचा आहे."

"अरे, तक्ता कसला घेऊन बसलास? जागा देतोय मी तुला, सिनेटची जागा!"

"सतराव्याची असली तर दे."

कर्टनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. जनावरांच्या डॉक्टरला काही आजार नुसते बघावे लागतात. आर्डिसनं कर्टपुढे कॉफी ठेवली आणि सफरचंदाच्या पायचा तुकडा ठेवला. कर्टनं एक घास खाल्ला, मग तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

व्हर्लिननं कायदा काढला. निवडणुकीआधी सहा महिने उमेदवार त्या मतदारसंघात राहिला पाहिजे, आणि माणूस जिथे झोपतो तिथे तो राहतो. मेच्या पहिल्या तारखेला त्यानं पलंग उचलला आणि बेडकांचा खड्डा ओलांडून गोठ्याच्या दूधखोलीत नेला. दुधाच्या स्टीलच्या टाकीशेजारी पलंग, पलंगापाशी दिवा, भिंतीला तक्ता. दाराबाहेर त्यानं स्वतंत्र टपालपेटी ठोकली. दुधाची गाडी पहाटे यायची, तिचा ड्रायव्हर दार वाजवून आत यायचा आणि "गुड मॉर्निंग, सिनेटर" म्हणून नळी टाकीला लावायचा. तो थट्टा करतोय हे व्हर्लिनला कळलं नाही. तो हात वर करून नमस्कार स्वीकारायचा.

आर्डिस घरातच राहिली. "मी चाळीस वर्षं त्या पलंगाच्या डाव्या बाजूला झोपले," ती मला म्हणाली. "आता बाहेरच्या खोलीतला सगळा दिवाण माझा. डॉक, माझी पाठदुखी गेली बघ."

प्रचार त्यानं सहा महिने केला. दारोदार जायचा, आणि प्रत्येक दारात त्या घराच्या गावानं १९३८ साली कुणाला मत दिलं ते सांगायचा. बहुतेक गावांनी मूर्खपणा केला होता, तोही तो सांगायचा. एका म्हातारीला त्यानं सांगितलं, की तिचे वडील केंद्रप्रमुख असताना अकरा मतं मोजायला विसरले होते. म्हातारी अगदी ठरवून मतदानाला गेली, त्याच्या विरोधात. ब्रेंट हॅलिडेनं मात्र एकच काम केलं. त्यानं प्रत्येक घरी एक कार्ड पाठवलं. कार्डावर त्याचा, बायकोचा आणि कुत्र्याचा फोटो, आणि खाली एक ओळ: 'ब्रेंट आपल्या घरात झोपतो.'

"हे बेकायदा आहे का?" व्हर्लिननं मला ते कार्ड दाखवून विचारलं. दाढीला गवत लागलेलं होतं.

"खरं आहे ते, व्हर्लिन. बेकायदा कसं असेल?"

"मीही माझ्या घरात झोपतो. हे घरच आहे. इथे पत्ता आहे."

पलीकडे एक गाय हंबरली. मग हळूच म्हणाला, "डॉक, या खेपेला येईन ना मी?" त्याच्या आवाजात तेव्हा एकही आकडा नव्हता. मी येशील म्हटलं. मला त्याच्याविषयी जो काही तुच्छभाव आहे, तो त्या दिवसापुरता कुठेतरी गाडीतच राहिला होता.

नोव्हेंबरात मतमोजणी झाली. व्हर्लिन एकोणीसशे चार मतांनी पडला, त्याचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. पूर्वेकडच्या ज्या तीनशे चाळीस मतदारांना त्यानं इतिहासाच्या नावानं परत आणलं होतं, त्यांतल्या तीनशे सहाजणांनी ब्रेंट हॅलिडेला मत दिलं. त्यांना अठराव्यातच बरं वाटत होतं. तिथे निवडणुकीच्या वेळी कोणी दार वाजवत नाही.

अठराव्यातून आर्डिस टोस्टरुड बिनविरोध निवडून आल्या. कर्टनं तिला जूनमध्येच विचारलं होतं. तिनं फॉर्म भरला, खड्डा ओलांडून दूधखोलीत गेली आणि व्हर्लिनला सांगून आली. तो तेव्हा नवव्या प्रकरणाची दुरुस्ती करत होता. "अठरावा ना?" तो म्हणाला होता. "चालेल."

ती दहा वर्षं सिनेटर होती. दुधाच्या भावाविषयी तिनं दोन कायदे करून घेतले, त्यांतला एक अजून चालू आहे. व्हर्लिनच्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत तिचं नाव नाही, कारण पुस्तक सतराव्याचं आहे. पलंग त्यानं डिसेंबरात घरात परत आणला आणि पुन्हा आपल्या उजव्या बाजूला झोपू लागला.

२०२२च्या फेररचनेत आमची सबंध काउंटी सव्विसाव्या मतदारसंघात गेली. सतरा हा क्रमांक आता राजधानीजवळच्या एका उपनगराला दिलेला आहे.